वय 48, दोन्ही पाय फेंगडे, गुडघ्याची आतली बाजू झिजलेली. हाड कापून पाय सरळ करून घ्यावा की थेट सांधाच बदलावा?

अठ्ठेचाळीसाव्या वर्षी सांधा कसला बदलताय? याच प्रश्नावर आमच्या घरात महाभारत झालंय, म्हणून जरा तावातावानेच लिहितेय.

माझ्या थोरल्या दिरांचा हेका एकच, "चांगलं हाड कापायचं कशाला? सांधा बदलला की कटकट मिटली." त्यांनी साठी उलटल्यावर बदलून घेतला, छान चालतात. पण त्यांचा अख्खा सांधा गेला होता. माझी झीज फक्त आतून, बाहेरची कुर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) शाबूत. पहिल्या डॉक्टरांनी आडवं निजवून नुसत्या गुडघ्याचा एक्सरे काढला आणि "रिप्लेसमेंट" म्हणून मोकळे झाले. दुसऱ्यांनी उभं करून खुब्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचा काढला. खुब्याच्या मध्यावर पट्टी ठेवून घोट्याच्या मध्यापर्यंत पेन्सिलीने रेघ ओढली, तर ती गुडघ्याला शिवलीसुद्धा नाही, आतल्या अंगाने सांध्याबाहेरूनच गेली! सगळा भार एकाच कडेवर. तिथे इंजेक्शनं टोचून काय होणार?

नडगीचं हाड गुडघ्याखाली आतल्या बाजूने कापतात, आरपार नाही; बाहेरची कड बिजागरीसारखी राखून फट उघडतात आणि प्लेट-स्क्रूने धरतात. भाराची रेघ सांध्याच्या रुंदीत आतल्या कडेपासून साधारण 62 टक्क्यांवर, म्हणजे धडधाकट बाजूकडे सरकवतात. बाक फारच असेल तर मांडीच्या हाडालाही काप द्यावा लागतो, कारण सगळी दुरुस्ती नडगीतच केली तर सांधा तिरका होतो. हे सर्जनना आधीच विचारा.

नंतरचे दिवस वाईट असतात. वॉकर, कुबड्या, हाड जुळेपर्यंत जपून पाय टेकणं. दीर दर भेटीत ऐकवायचे, "मी तर दुसऱ्या दिवशी चाललो." चालले असतील. पण माझा गुडघा माझाच आहे, पूर्ण दुमडतो, आणि पुढेमागे बदलायची वेळ आलीच तर ती वाट मोकळी आहे. कमी वयात बदललेला सांधा झिजला की पुन्हा उघडणं किती जिकिरीचं असतं, हे दिरांना कोण सांगणार?

हा इलाज जन्मभराचा नाही, काही वर्षांनी दुखणं परतू शकतं. सिगरेट ओढत असाल तर आधी सोडा, हाड जुळायला फार त्रास होतो. बाहेरची बाजूही झिजली असेल किंवा गुडघा नीट सरळच होत नसेल, तर दिरांचं ऐका. आणि रूमॅटॉइड संधिवात असेल तर माझं हे उत्तर तुमच्यासाठी नाहीच.