सिगारेट सोडल्यावर खोकला उलट वाढलाय, हे नॉर्मल आहे का?

हो, सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला आणि कफ वाढणं ही बहुतेक वेळा फुप्फुसं सावरत असल्याची खूण असते. श्वासनलिकांच्या आत केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. कफ आणि त्यात अडकलेली घाण ते सतत घशाकडे ढकलत असतात. धुराने ते लुळे पडतात. धूर थांबला की पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर येतो, त्यामुळे खोकला दाबणारं औषध स्वतःच्या मनाने घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार रक्तातला कार्बन मोनॉक्साइड (धुरातला विषारी वायू) १२ तासांत नेहमीच्या पातळीवर येतो, खोकला आणि धाप मात्र १ ते ९ महिन्यांत हळूहळू कमी होते. (‘तीन दिवसांत फुप्फुसं साफ’ वगैरे फॉरवर्ड सोडून द्या.) एक लक्षात घ्या: एम्फिसीमा या फुप्फुसांच्या आजारात नष्ट झालेले वायुकोश (हवेच्या सूक्ष्म पिशव्या) परत येत नाहीत, तिथे पुढचं नुकसान मंदावतं इतकंच. आणि थुंकीत रक्त, ताप, विनाकारण वजन घटणं यांपैकी काही असेल, किंवा महिनाभरानंतरही खोकला तसाच राहिला, तर ‘सोडल्यामुळेच होतंय’ म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.