हॉल ऑफ फेममध्ये कोण हवं? तुमची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेलो, की डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन प्रोफेशनल कुस्तीच्या कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे सन्मानितांच्या यादीत, चायना या महिला पैलवानाचं नाव एकटीचं, स्वतंत्र यायला हवं आणि ते येत नाही तोवर ती यादी अर्धवटच आहे. त्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, काहींनी तर दोन-दोन पानं नुसती नावंच लिहून पाठवलीत, पण वाचलं मात्र सगळं.

डिसेंबरात मुलाकडे अमेरिकेला चाललोय. नातवाला हा हॉल ऑफ फेम बघायचाय. कुठल्या गावात आहे? (एक वाचक, सातारा)

काका, नातवाला आधीच सांगून ठेवा, डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेमला इमारतच नाहीये. बेसबॉलचा कूपर्सटाऊनला आहे, आत जाऊन बघता येतो, तसं इथे काही नाही. दरवर्षी रेसलमेनियाच्या, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाच्या, आठवड्यात एक मोठा समारंभ होतो, सूटबूट घालून पैलवान येतात, भाषणं होतात, अंगठी देतात, झालं. 1993 मध्ये आंद्रे द जायंट वारला (वडिलांच्या अंत्यसंस्काराला फ्रान्सला गेला होता, तिथेच पॅरिसच्या हॉटेलात झोपेत गेला) आणि त्याच्यासाठी म्हणून हे सुरू झालं, त्या वर्षी यादीत तो एकटाच. 1996 नंतर बंद पडलं ते थेट 2004 ला पुन्हा सुरू झालं.

आणि कोणाला घ्यायचं हे कंपनीच ठरवते. मतदान नाही, नियमांचा कागद नाही. बेसबॉलमध्ये पत्रकारांची 75 टक्के मतं लागतात. कुस्तीतसुद्धा रेसलिंग ऑब्झर्व्हर या न्यूजलेटरची वेगळी यादी 1996 पासून आहे, तिथे पैलवान, पत्रकार, इतिहासाचे अभ्यासक मत देतात आणि 60 टक्के लागतात. डब्ल्यूडब्ल्यूईत यातलं काहीच नाही, म्हणून तर आपली एवढी भांडणं होतात. नातवाला काहीतरी दाखवायचंच असेल तर आयोवा राज्यात वॉटरलू नावाचं गाव आहे, तिथे डॅन गेबल म्युझियम आहे, त्यात प्रोफेशनल कुस्तीवाल्यांचाही वेगळा हॉल ऑफ फेम आहे. लांब पडेल, पण जाता आलं तर जाच.

मी तालमीत जातो. तुमच्या त्या कुस्तीत निकाल आधीच ठरलेला असतो. मग सन्मान कशाचा? (सांगली)

प्रश्न रास्त आहे आणि मातीत घाम गाळणाऱ्याने विचारलाय म्हणून नीट उत्तर देतो. निकाल ठरलेला असतो, पडणं खरं असतं. रिंगखाली लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या, त्यावर पातळ फोम आणि कॅनव्हास, बस. त्यावर पाठ सपाट ठेवून, हनुवटी छातीला चिकटवून, दोन्ही हात पसरून आपटायचं, रात्रीमागून रात्र, पंधरा-वीस वर्षं. मानेचं, गुडघ्याचं ऑपरेशन न झालेला जुना पैलवान शोधावा लागेल.

पण सन्मान नुसत्या पडण्याचाही नाही. 1997 चा रेसलमेनिया 13, ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन, जमलं तर बघ. ब्रेट लोकांचा हिरो, ऑस्टिन व्हिलन. शेवटी ब्रेटने शार्पशूटर हा पाय मुरगळायचा डाव लावलाय, ऑस्टिनच्या कपाळातून रक्त वाहतंय, दात रक्ताने लाल झालेत, तो ओरडतोय पण हार मानत नाहीये, आणि तसाच बेशुद्ध पडतो. मॅच संपल्यावरही ब्रेट त्याला मारायला जातो आणि तेवढ्या वीसेक मिनिटांत अख्खं स्टेडियम फिरतं, ज्याला शिव्या देत होते त्याच्या नावाचा गजर आणि हिरोची हुर्यो. कोणी माइक घेऊन काही सांगितलं नाही, दोघांनी अंगाने सांगितलं. 2025 मध्ये हॉल ऑफ फेमने पहिल्यांदाच एका मॅचला सन्मान दिला तो हिला, आणि तो निर्णय शंभर टक्के बरोबर होता.

माझी कसोटी तीच. हा माणूस काढून टाकला तर पुढची कुस्ती वेगळी झाली असती का? असती, तर घ्या. बेल्ट, म्हणजे चॅम्पियनचे किताब, किती जिंकले हे मी मोजतच नाही, कारण बेल्ट कंपनी देते.

खली हॉल ऑफ फेममध्ये आहे पण क्लासमधली मुलं म्हणतात त्याला काही येत नव्हतं, फुकट घेतला. खरं काय? (वय 16, पुणे)

अरे, आमच्या लहानपणी ट्रम्प कार्डं असायची, प्रत्येक कार्डावर पैलवानाचा फोटो आणि खाली उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती फाइट जिंकल्या. उंचीवर बोली लावली की मोठं कार्ड समोरच्याचं छोटं कार्ड खायचं. टायमिंगचा रकाना त्या कार्डावर नव्हता. खलीचं तेच झालं, उंचीच्या रकान्यात तो राजा होता आणि रिंगमध्ये हालचाल जड होती, गुडघे साथ देत नव्हते, हे मी नाकारत नाही. पण माझी कसोटी लाव. हिमाचलच्या धिराइना गावचा दलीप सिंग राणा, पंजाब पोलिसात नोकरी, 2006 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत येतो आणि आल्या आल्या अंडरटेकरसारख्या बड्या पैलवानाला आडवा करतो, 2007 च्या जुलैत वीस जणांच्या बॅटल रॉयलमध्ये (सगळे एकदम रिंगमध्ये, शेवटी उरेल तो जिंकला) वर्ल्ड हेवीवेट बेल्ट घेतो. डब्ल्यूडब्ल्यूईचा भारतात जन्मलेला पहिला वर्ल्ड चॅम्पियन. त्या आठवड्यात आमच्या कॉलनीत ज्या घरात कुस्ती लागली की टीव्ही बंद करायचे त्या घरातल्या आजीसुद्धा विचारत होत्या, आपला तो उंच पोरगा जिंकला का म्हणून. नंतर त्याने जालंधरला अकादमी काढली, मुलं तयार केली. 2021 मध्ये त्याला घेतलं ते योग्यच केलं. मुलांना सांग.

मला खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. दारा सिंग. 2018 मध्ये त्यांना घेतलं पण ‘लेगसी’ विभागात. हा विभाग 2016 पासून आहे, जुन्या आणि बहुतेक वारलेल्या पैलवानांसाठी. त्यात भाषण नाही, स्टेजवर कोणी येत नाही, व्हिडिओत दहा जणांचे फोटो एकापाठोपाठ एक सरकतात, टाळ्या, पुढचा कार्यक्रम. दारा सिंगांनी 1968 मध्ये मुंबईत लू थेझला हरवलं, आणि थेझ म्हणजे अमेरिकन कुस्तीतलं काय नाव होतं हे तिथल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. माझे वडील वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंगांची कुस्ती बघायला गिरणीतून पाळी संपवून थेट, कपड्यांवर कापूस तसाच, चालत जायचे आणि ती कुस्ती ठरवलेली होती की नव्हती हा प्रश्न त्यांनी आयुष्यात कधी विचारला नाही. किंग काँग नावाच्या अवाढव्य पैलवानाला हा उचलतो हे डोळ्यांनी बघितलेलं पुरेसं होतं. अशा माणसाला काही सेकंदांचा फोटो? स्टेजवर घरच्या कुणाला तरी बोलवायचं होतं, दोन मिनिटं का होईना, पंजाबीत बोलू द्यायचं होतं. खलीला स्टेज आणि दारा सिंगांना स्लाइड, ही वाटणी मला पटत नाही.

खाशाबा जाधवांना का घेत नाहीत? (कोल्हापूर)

कारण तो वेगळा खेळ आहे दादा. खाशाबांनी 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, ते फ्रीस्टाइलमध्ये. त्यांचा मान मोठा आहेच, पण तो या यादीतून मागायचा नाही.

ट्रम्प त्यात आहेत हे खरं का? (न्यू जर्सीहून एक वाचक)

हो, 2013 पासून, सेलिब्रिटी विभागात. रेसलमेनिया 4 आणि 5 त्यांच्या अटलांटिक सिटीतल्या हॉटेलाच्या आश्रयाने झाले आणि 2007 ला त्यांनी भर रिंगमध्ये कंपनीचा तेव्हाचा मालक विन्स मॅकमहनचं टक्कल केलं. सेलिब्रिटी विभागावर मी वाद घालत बसत नाही, तो पाहुण्यांसाठीच आहे.

ख्रिस बेन्वाला घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. रिंगमधला माणूस आणि बाहेरचा माणूस वेगळा धरता येत नाही का? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, तुम्ही रेसलमेनिया 20 ला तो वर्ल्ड चॅम्पियन झाला त्याची आठवण फार जीव लावून लिहिलीय आणि ती मॅच बघताना त्या रात्री माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. पण जून 2007 मध्ये त्याने बायकोला आणि सात वर्षांच्या मुलाला मारलं आणि मग स्वतःला संपवलं. मेल्यावर त्याच्या मेंदूची तपासणी झाली, डोक्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या माराने मेंदूची भयंकर हानी झालेली सापडली, आणि ते प्रत्येक पैलवानाने आणि प्रत्येक कंपनीने वाचायला हवं. त्याने कारण थोडंफार कळतं, सन्मान नाही मिळत. मॅच इतिहासात राहू द्या, रेकॉर्ड पुसू नका, पण उभं राहून टाळ्या नकोत.

आणि एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून मी लिहितो. नॅन्सी, त्याची बायको, ती स्वतः या धंद्यातली होती, ‘वुमन’ या नावाने ईसीडब्ल्यू आणि डब्ल्यूसीडब्ल्यू या कुस्तीच्या दुसऱ्या कंपन्यांत तिने मॅनेजर म्हणून उत्तम काम केलं. बेन्वाबद्दल एवढी पत्रं आली, तिच्याबद्दल एकही नाही. तिचं नाव घ्या ना कोणीतरी.

ओवेन हार्ट का नाही? (डोंबिवली)

लायकी म्हणाल तर पहिल्या फेरीतच. 1994 च्या रेसलमेनियात मॅडिसन स्क्वेअर गार्डनला सख्ख्या मोठ्या भावाशी, ब्रेटशी पहिली मॅच खेळून स्वच्छ जिंकला, त्याच वर्षी किंग ऑफ द रिंग ही स्पर्धाही जिंकली. पण 23 मे 1999 ला कॅन्सस सिटीत छतावरून रिंगमध्ये उतरायची एन्ट्री होती, हुक मध्येच सुटला आणि तो सुमारे 78 फुटांवरून खाली पडला. 34 वर्षांचा होता. आणि कार्यक्रम चालूच ठेवला, पुढच्या मॅच झाल्या. त्याची बायको मार्था कंपनीविरुद्ध कोर्टात गेली, तडजोड झाली, पण हॉल ऑफ फेमला तिने कायम नाही म्हटलंय. ब्रेटचं मत वेगळं आहे, त्याला वाटतं फॅन्सना भावाची आठवण राहायला हवी. मला दोघांचंही कळतं, पण दोन लहान मुलं पदरात असताना ज्या बाईला फोन आला तिचा शब्द शेवटचा. 2022 पासून एईडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीत तिच्या संमतीने ओवेनच्या नावाची स्पर्धा होते, ती स्वतः कप द्यायला गेलीय. आठवण ठेवायला हॉलच लागतो असं नाही.

चायनाबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. मी शाळेत असताना भाऊ मला कुस्ती बघू द्यायचा नाही, मुलींचं काय काम म्हणायचा, आणि मग टीव्हीवर ती आली. पण ती आहे ना हॉल ऑफ फेममध्ये? (एक वाचक भगिनी, नागपूर)

आहे ताई, पण घोळक्यात. 2019 ला डीएक्स या अख्ख्या ग्रुपला घेतलं, सहा जण, त्यात एक नाव तिचं. ती 2016 मध्येच गेली होती. 2025 पर्यंतच्या यादीत एकटी ती कुठेच नाही, आणि त्याच ग्रुपमधले शॉन मायकल्स आणि ट्रिपल एच मात्र स्वतःच्या नावानेही आत आहेत.

काय केलं तिने? 1997 ला ट्रिपल एचची बॉडीगार्ड म्हणून आली, तेव्हा बायका रिंगमध्ये यायच्या त्या शोभेला किंवा कपडे फाडायच्या मॅचला. ही बाई येऊन एकही शब्द न बोलता पुरुषांना उचलून आपटायची. 1999 च्या रॉयल रंबलमध्ये (तीस जण एकामागून एक रिंगमध्ये येतात आणि एकमेकांना बाहेर फेकतात) उतरली, बायकांमध्ये पहिलीच, तिसाव्या नंबरवर, आणि मार्क हेन्रीसारख्या डोंगराला बाहेर काढलं. आज बायकांचा वेगळा रंबल आहे, बायका रेसलमेनियाची शेवटची मॅच खेळतात. ती दारं पहिल्यांदा जिने ढकलली ती ही. माझ्या कसोटीवर तिच्यापेक्षा पक्कं नाव मला सापडत नाही.

मग अडतंय कुठे? 2015 मध्ये, तेव्हा कंपनीचा अधिकारी असलेल्या ट्रिपल एचने ऑस्टिनच्या पॉडकास्टवर सांगितलं होतं की लहान मुलाने तिचं नाव इंटरनेटवर टाकलं तर काय दिसेल. म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई सोडल्यावर तिने केलेले ते अश्लील व्हिडिओ. त्यातल्या पहिल्या टेपमध्ये तिच्यासोबत जो पैलवान होता तो हॉल ऑफ फेममध्ये दोनदा आहे, दोन वेगवेगळ्या ग्रुपमधून. त्याचं नाव टाकल्यावर मुलांना काही दिसत नाही का? हल्क होगनला वर्णद्वेषी बोलण्यावरून 2015 ला काढलं, 2018 ला परत घेतलं, 2020 ला आणखी एकदा घेतलं. एवढं मोठं मन कंपनीकडे आहे, ते तिच्या वेळी का आखडतं?

तुम्ही विचारलंय की तिला घेतलं तर कुठली मॅच दाखवावी. 17 ऑक्टोबर 1999, क्लीव्हलँड, जेफ जॅरेटविरुद्ध. जॅरेट तेव्हा बायकांची जागा स्वयंपाकघरात असं म्हणत फिरायचा, म्हणून मॅचच तशी ठेवली होती, रिंगभोवती झाडू, भांडी, सिंक, सगळा संसार मांडलेला आणि वापरायचं तेच. जॅरेटने तिला बेल्ट मारून पाडलं, पंचाने तीन मोजले, तो जिंकला असं जाहीरही झालं. मग पंच म्हणाला थांबा, बेल्ट ही काही घरातली वस्तू नाही, मॅच पुन्हा सुरू. चायना उठली, जॅरेटचीच गिटार घेतली आणि त्याच्या डोक्यात घातली. एक, दोन, तीन. इंटरकॉन्टिनेंटल बेल्ट पहिल्यांदाच एका बाईकडे. भावाला बोलवा शेजारी आणि दोघं मिळून बघा.