चित्र फोल्डरात आहे, मग ॲपमध्ये का नाही?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत: ॲपमधलं चित्र गायब. प्रत्येकाला वाटतं फाइल हरवली. फाइल सहसा जागेवरच असते. तुमच्या लॅपटॉपपासून गिऱ्हाइकाच्या फोनपर्यंतच्या वाटेत ती कुठंतरी अडकलेली असते. ती जागा प्रत्येकाची वेगळी, म्हणून उत्तरंही वेगळी देते.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): आमच्या साड्यांच्या दुकानाचं ॲप मी अँड्रॉइड स्टुडिओत करतोय. भावानं नवीन साड्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. ते ड्रॉएबल फोल्डरात (ॲपमधली चित्रं ठेवायच्या फोल्डरात) टाकल्यापासून बिल्डच, म्हणजे कोडपासून ॲप तयार होणंच, होत नाही. सगळं दोनदा तपासून बघितलो मॅडम.

उत्तर: फोटो बघितलात, आता त्यांची नावं बघा. व्हॉट्सॲपवरून उतरलेल्या फोटोच्या नावात कॅपिटल अक्षरं असतात आणि मध्ये आडव्या रेघा. ड्रॉएबल फोल्डरातल्या नावाला फक्त स्मॉल इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर चालतो. आडवी रेघ, मोकळी जागा, कॅपिटल आणि देवनागरी अक्षर, यातलं काहीही चालत नाही. सुरुवातही आकड्यानं नको, कारण हेच नाव पुढे कोडमध्ये व्हेरिएबल बनतं. 'इरकल_लाल_०१' हे नाव इंग्रजी स्मॉल अक्षरांत लिहा, बिल्ड पुढे सरकेल.

विंडोजवर आणखी एक फसवणूक होते. माझ्याकडे एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला होता. फोल्डरात 'लोगो डॉट पीएनजी' स्वच्छ दिसत होतं, तरी एरर जाईना. एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूतून फाइलचं एक्स्टेन्शन दाखवायला लावलं, तेव्हा खरं नाव समोर आलं: 'लोगो डॉट पीएनजी डॉट पीएनजी'. विंडोज शेवटचा तुकडा लपवतं आणि नाव बदलताना आपण तो पुन्हा लिहितो. तसंच जेपीजी फोटोचं नुसतं नाव बदलून पीएनजी करू नका. आतली फाइल जेपीजीच राहते आणि बिल्ड करणारं टूल ते ओळखून अडतं.

मात्र रोज बदलणाऱ्या मालाचे फोटो ॲपच्या पोटात भरणंच मला पटत नाही. एक साडी नवीन आली की सगळ्या गिऱ्हाइकांना अपडेट घ्यावं लागेल. लोगो आणि बटणं ड्रॉएबलमध्ये राहू द्या, साड्या सर्व्हरवर ठेवा.

प्रश्न (जांबोटी, ता. खानापूर): होमस्टेचं ॲप फ्लटरमध्ये (गूगलच्या ॲप बनवायच्या साधनात) केलं आहे. केबल लावून माझ्या फोनवर चालवलं की खोल्यांचे फोटो दिसतात. रिलीज एपीके (लोकांना द्यायची पक्की ॲप फाइल) करून पाहुण्यांना दिलं की सगळ्या चौकटी रिकाम्या.

उत्तर: फोटो इंटरनेटवरून येत असतील तर ॲपला इंटरनेटची परवानगी आहे का ते आधी बघा. फ्लटर नवीन प्रोजेक्ट बनवताना ही परवानगी डीबग आणि प्रोफाइल या चाचणीच्या बिल्डच्या मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या परवानग्या लिहायच्या फाइलीत) आपणहून लिहून देतं, 'मेन' फोल्डरातल्या मॅनिफेस्टमध्ये देत नाही. त्यामुळे केबलवर सगळं छान दिसतं आणि रिलीजमध्ये एकही फोटो येत नाही. मेनच्या मॅनिफेस्टमध्ये ती एक ओळ टाका.

तरीही चौकटी रिकाम्या राहिल्या तर फोटोचा पत्ता 'एचटीटीपी'नं सुरू होतो की 'एचटीटीपीएस'नं (म्हणजे सुरक्षित जोडणीनं) ते पाहा. २०१८ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ९ पासून साधं एचटीटीपी मुळातच बंद आहे. मॅनिफेस्टमध्ये सूट मागता येते, पण ती मागू नका. एचटीटीपीएससाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, ते सर्व्हरवर बसवा.

आणि तुमचे पाहुणे चोर्ल्याच्या घाटातून येणार, रेंज गेलेली असणार. फोटो आला नाही तर त्या जागी काय दिसावं हे 'एरर बिल्डर'मध्ये लिहून ठेवा, आणि एकदा आलेला फोटो फोनमध्ये साठवून ठेवा. रिकाम्या चौकटीकडे बघून कोणी खोली बुक करत नाही.

प्रश्न (निपाणी): तंबाखू आणि सोयाबीनचे दर सांगणारं ॲप कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत केलंय. माझा फोन कन्नडमध्ये आहे, त्यावर झकास चालतं. वडिलांच्या फोनची भाषा मराठी. त्यांनी उघडलं की क्षणभर पांढरा पडदा आणि ॲप बंद. मराठीचे सगळे शब्द भरलेले आहेत. मग बिनसतंय कुठं?

उत्तर: तुमचं पत्र वाचून मला फार आपुलकी वाटली, कारण हा अस्सल आपल्या भागातला बिघाड आहे. पुण्यात बसून एकाच भाषेचं ॲप करणाऱ्याला तो कधी भेटणारही नाही.

वडिलांचा फोन केबलनं जोडा, अँड्रॉइड स्टुडिओतलं लॉगकॅट (फोनवरच्या घडामोडींची नोंद) उघडा आणि ॲप पडू द्या. लाल ओळींचा ढीग येईल. वरून वाचू नका, सगळ्यात खालचं 'कॉज्ड बाय' शोधा. तिथं बहुधा 'रिसोर्सेस नॉट फाउंड एक्सेप्शन' असेल आणि शेजारी 'शून्य-एक्स-सात-एफ'नं सुरू होणारा लांब आकडा. सात-एफ म्हणजे ते चित्र तुमच्या ॲपचंच आहे, सिस्टिमचं नव्हे. आता बिल्ड मेनूतून 'ॲनालाइझ एपीके' घ्या आणि रिसोर्सेसचा तक्ता उघडा. ड्रॉएबलच्या यादीत तो आकडा शोधा. त्या ओळीत 'केएन'च्या म्हणजे कन्नडच्या रकान्यात फाइल दिसेल आणि 'डीफॉल्ट'चा रकाना मोकळा असेल.

बॅनरवर कन्नड अक्षरं आहेत म्हणून तुम्ही तो 'ड्रॉएबल-केएन'मध्ये ठेवलात आणि साध्या ड्रॉएबलमध्ये ठेवायचा राहून गेला, असा माझा अंदाज आहे. फोन मराठीत असला की अँड्रॉइड आधी 'ड्रॉएबल-एमआर'मध्ये पाहतं, मग बिनशेपटीच्या ड्रॉएबलमध्ये. दोन्हीकडे नसेल तर ॲप पाडतं. कन्नडच्या फोल्डरातून ते उसनं घेत नाही. स्क्रीनच्या घनतेचं (एका इंचात किती ठिपके बसतात त्याचं) तसं नसतं. चित्र फक्त 'एक्सएचडीपीआय' या एका घनतेच्या फोल्डरात असलं तर अँड्रॉइड तेच लहानमोठं करून भागवतं. त्या सवयीमुळे भाषेतही भागेल असं वाटतं, आणि तिथंच घात होतो.

म्हणून प्रत्येक चित्राची एक प्रत साध्या ड्रॉएबलमध्ये हवीच. त्याहून बरा उपाय म्हणजे चित्रावर अक्षरं लिहूच नका. चित्र कोरं ठेवा आणि शब्द स्ट्रिंग्जच्या फाइलीतून त्यावर आणा. तीन भाषा आणि चार घनता धरल्या तर एका बॅनरच्या बारा फाइली होतात, त्यातली एक कधीतरी विसरणारच.

ॲपमध्येच भाषा बदलायचं बटण देणार असाल तर आताच एक काम करा. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवरच्या नव्या ॲपला एपीकेऐवजी बंडल (सगळे भाग एकत्र असलेली फाइल) द्यावं लागतं, आणि बंडलमधून प्ले फक्त फोनमध्ये लावलेल्या भाषांचेच भाग उतरवतं. मराठी फोनवर कोणी 'ಕನ್ನಡ' बटण दाबलं तर त्यामागे द्यायला काही नसतं. ग्रेडलच्या (बिल्डच्या सूचनांच्या) फाइलीत बंडलखाली भाषेचं विभाजन बंद करा. ॲप थोडं जड होईल, होऊ द्या.

आपल्याकडे एकाच घरात बापाचा फोन मराठीत, लेकाचा कन्नडमध्ये आणि नातीचा इंग्रजीत असतो. प्रत्येक रिलीजआधी तिन्ही भाषा लावून ॲप उघडून बघा.

प्रश्न (अथणी): प्ले स्टोअरवरून घेतलेलं आमचं ऊस-नोंदीचं ॲप ठीक चालतं. एका शेतकऱ्यानं ते आपल्या फोनमधून दुसऱ्याला पाठवलं, तिथं उघडताच बंद पडतं.

उत्तर: प्ले आता ॲप तुकड्यांत देतं. मुख्य तुकडा वेगळा, स्क्रीनच्या घनतेप्रमाणे चित्रांचा वेगळा. शेतकऱ्यानं पाठवला तो बहुधा फक्त मुख्य तुकडा, त्यात चित्रं नाहीत. एपीके हातोहात द्यायचंच असेल तर 'बंडलटूल' या गूगलच्या साधनानं युनिव्हर्सल (सगळे तुकडे एकत्र असलेलं) एपीके बनवून तेच द्या, नाहीतर प्लेची लिंक पाठवा.

दुसरा फोन जुना, अँड्रॉइड ७ च्या आधीचा असेल तर 'ड्रॉएबल-व्ही२४' फोल्डरही पाहा. व्ही२४ म्हणजे अँड्रॉइड ७ आणि पुढचे. चित्र पेस्ट करताना अँड्रॉइड स्टुडिओ फोल्डर विचारतं, घाईत हा निवडला जातो आणि अँड्रॉइड ६ च्या फोनला ते चित्र दिसतच नाही. साध्या ड्रॉएबलमध्ये हलवा. बांधावरचे फोन सहसा घरातल्या मुलांनी वापरून दिलेले असतात, त्यांना गृहीत धरूनच काम करा.

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव, विद्यार्थिनी): माझ्या विंडोज लॅपटॉपवर रिॲक्ट नेटिव्हचं (जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या ॲपचं) बिल्ड होतं, पण गिटवर (कोडचे बदल नोंदवणाऱ्या साधनावर) चढवल्यावर सर्व्हरवर चित्र सापडत नाही म्हणून फेल होतं.

उत्तर: फाइलीचं नाव, समजा, कॅपिटल 'एल'नं आहे आणि कोडमध्ये तू स्मॉल 'एल' लिहिलं आहेस का बघ. विंडोजला दोन्ही सारखेच, सर्व्हरवरच्या लिनक्सला वेगळे. एक्स्प्लोररमधून नुसतं कॅपिटलचं स्मॉल केलंस तर विंडोजवर गिटला तो बदल कळतही नाही. 'गिट एमव्ही' ही आज्ञा वापरून नाव बदल, मग कमिट कर. आणि कोडमध्ये चित्र मागवणाऱ्या 'रिक्वायर'मध्ये चित्राचा पत्ता पूर्ण लिही. तुकडे जोडून केलेला पत्ता चालत नाही.

प्रश्न (गोकाक): मिठाईच्या ॲपमध्ये करदंटाचं चित्र डीबगला दिसतं, रिलीजमध्ये नाही. चित्राचं नाव सर्व्हरवरून येतं.

उत्तर: रिलीजमध्ये 'श्रिंक रिसोर्सेस' (न वापरलेल्या फाइली काढून टाकणारी सोय) चालू असेल. कोडमध्ये त्या चित्राचं नाव कुठंच नाही, म्हणून ते बिनकामाचं समजून काढून टाकलं गेलं. 'रॉ' फोल्डरात 'कीप' नावाची एक्सएमएल फाइल करा, तिच्यात 'टूल्स कीप' लिहून मिठाईची सगळी चित्रं नोंदवा. सगळ्यांची नावं एकाच शब्दानं सुरू होत असतील तर पुढे तारा टाकून एका ओळीत भागतं. मग रिलीज एपीके ॲनालाइझमध्ये उघडा आणि करदंटाची फाइल नुसती नावाला आहे की पूर्ण वजनाची, ते आकार बघून खात्री करा.