चेहऱ्यावर सहा महिने झाले खाजणारं लाल पुरळ आहे, ट्यूब लावली की जातं आणि परत येतं. कोणतं क्रीम लावू?

'ट्यूब लावली की जातं आणि परत येतं' एवढं वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो, कारण हेच वाक्य मी आठ महिने सगळ्यांना ऐकवत होतो. कोणतं क्रीम लावू ते नंतर, आधी आत्ता कोणतं लावताय ते बघा. ट्यूब आणा, मागचं बारीक अक्षरातलं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असलं काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे आणि तुमचं पुरळ परत का येतं याचं उत्तर बहुतेक तिथंच छापलेलं आहे.

मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. दादाचे स्वतःचे चार लूम, तो पण टॉवेलच काढतो. एप्रिलमध्ये बाहेर ४२ डिग्री, घामानं हेल्मेटचा पट्टा रोज ओला, आणि उजव्या गालावर कानाजवळ रुपयाएवढा लाल चट्टा उठला. खाज अशी की व्हाऊचर लिहिताना पेनाच्या टोपणानं खाजवायचो. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला गाल दाखवला, त्यानं न विचारता एक ट्यूब पुढं केली, दोन दिवसांत गाल साफ. मला वाटलं पोरगा डॉक्टरच्या वरताण निघाला. आठ दिवसांनी परत चट्टा, परत ट्यूब, आणि दर वेळी थोडा मोठा, शेवटी हनुवटीखालून मानेपर्यंत आला.

मधल्या काळात घरच्यांचे उपाय चालू. मावशीनं लसूण चोळायला लावला, त्यानं फोड आला, तो डाग अजून आहे. आईनं 'उष्ण पडलंय' म्हणून वांगं आणि शेंगाचटणी बंद केली. सोलापुरात राहून कडक भाकरी नुसत्या दुधाबरोबर खाणाऱ्याचं दुःख बाहेरच्याला नाही कळायचं. खाणं बंद करून असल्या पुरळात काही होत नाही, हे मी आईसमोर पण बोललोय, दोन दिवस बोलत नव्हती.

डिसेंबरात शेवटी स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, काय काय लावलं? म्हटलं, काही नाही. ट्यूब? म्हटलं, ती होय, ती साधीच आहे, मेडिकलमधली. ती पँटच्या खिशातच होती, टूथपेस्टसारखी खालून गुंडाळत आणलेली. बाईंनी ती टेबलावर ठेवून बोटानं एकेक वळी उलगडली, सपाट केली आणि नावं वाचली. तीन औषधं एकात, त्यात एक क्लोबेटासोल. म्हणाल्या, हे चेहऱ्याला लावायचंच नसतं, तिथली कातडी पातळ असते. मग ब्लेडनं कडेचा कोंडा खरवडून काचेवर घेतला, भाकरीवरचं पीठ झटकावं तसा पांढरा भुगा पडला, त्यावर कसला तरी थेंब टाकून दुर्बिणीखाली धरला आणि मला म्हणाल्या, बघा. बघतो तर धागे! जन्म धाग्यात गेला, तेच गालावर निघाले.

ते गजकर्ण होतं, म्हणजे फंगस. स्टिरॉइडनं खाज आणि लाली दबते, कारण कातडीची फंगसशी चाललेली लढाईच ते थांबवतं, मग फंगस निवांत पसरतं. शिवाय गोल कड पुसली जाते, म्हणून बघणाऱ्याला गजकर्ण आहे हे ओळखू पण येत नाही. ट्यूब बंद केल्यावर पहिले पंधरा-वीस दिवस चेहरा आधीपेक्षा लाल, नुसती आग. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत, आमच्याकडं तिला गड्डा म्हणतात, तोंडाला रुमाल बांधून फिरलो. दोनदा मेडिकलच्या पायरीपर्यंत जाऊन परत आलो. तुमचं पण असं होईल, तेव्हा ट्यूबकडं वळू नका. मला पोटात घ्यायच्या कॅप्सूल होत्या, जेवणानंतर, आणि ॲसिडिटीची गोळी सोबत घ्यायची नाही, नाहीतर कॅप्सूल अंगाला लागत नाही म्हणे. लिव्हरची रक्ततपासणी पण केली. दोन महिने लागले, गाल साफ दिसल्यावर सुद्धा थांबू दिलं नाही.

आता टॉवेलचं. बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला? आमच्यात सहा माणसं आणि मोरीच्या खुंटीला टॉवेल दोन. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्यामुळं टॉवेल धुणं आठवड्यातून एकदा. मी घरी येऊन सांगितलं की प्रत्येकाचा टॉवेल वेगळा पाहिजे, तर दादा म्हणाला, "काय बोलालालास बे, टॉवेलनं रोग होतो म्हणून गावभर सांग, म्हणजे माझे लूम बंद पडतील." त्यावरून महिनाभर धुसफूस. मग एके दिवशी त्याच्या धाकट्याच्या कमरेवर गोल चट्टा दिसला, आणि वहिनी हळूच म्हणाल्या की ह्यांना पण आहे, दोन वर्षं झाली. दादाच्या कपाटातून कुठली ट्यूब निघाली असेल? तीच. म्हणजे माझ्याकडं आलं कुठून, याचा हिशेब तुम्हीच लावा, मी लावलाय. दादानं गुपचूप औषध घेतलं, बरा झाला, आणि आजवर एकदा पण 'तुझं बरोबर होतं' म्हणालेला नाही. उलट परवा एका व्यापाऱ्याला फोनवर सांगत होता, "घरात माणशी वेगळा टॉवेल पाहिजे, डॉक्टर सांगतात, दोन डझन जास्तीचे घ्या."

तर, क्रीमचं नाव मी सांगणार नाही, तसंच विचारून विचारून मी आठ महिने घालवले. खासगी परवडत नसेल तर सिव्हिलला स्किनची ओपीडी आहे, केसपेपर काढा, ट्यूब सोबत न्या आणि 'काही लावलं नाही' असं माझ्यासारखं खोटं बोलू नका.

हां, आणि मी अकाउंटंट आहे, डॉक्टर नाही. तुमचं गजकर्णच असेल असं नाही. भुवया आणि नाकाच्या कडेला तेलकट पापुद्रे आणि डोक्यात कोंडा असेल तर ते वेगळं असतं. केसांचा डाय किंवा नवीन क्रीम लावल्यावर सुरू झालं असेल तर ॲलर्जी पण असते. दोन्ही गालांवर लाल, उन्हात वाढतं आणि सांधे दुखतात, असं असेल तर लगेच दाखवा. चट्टा खाजत नाही, उलट तिथं हात लावलेला कळत नाही, असं असेल तर आजच जा. बरेच महिने स्टिरॉइड लावत असाल तर कसं बंद करायचं ते पण डॉक्टरलाच विचारा, आणि बाई असाल, दिवस गेलेले असतील तर आधी ते सांगा, त्या कॅप्सूल तेव्हा चालत नाहीत.

शेंगाचटणी मी गड्ड्यावरून येतानाच पाव किलो आणली. दह्यात कालवून खाल्ली, आईसमोर. गालाला काही झालं नाही.