अमेरिकेत मुलांच्या शाळेत रेडॉन (फुप्फुसाचा कर्करोग घडवू शकणारा किरणोत्सर्गी वायू) तपासलाय का, हे शाळेला नेमकं कसं विचारायचं?

'तपासलंय का?' एवढंच विचारलंत तर 'हो' म्हणतील आणि विषय संपेल. खोलीवार अहवाल मागा, तारखांसकट. शाळांनी तपासणी करावीच असा केंद्रीय कायदा नाही, राज्याराज्यांचे नियम वेगळे. म्हणून पालकांनी मागणं फार गरजेचं आहे.

रेडॉन जमिनीतून फटींवाटे वर येतो. त्याला ना रंग ना वास. शेजारच्या वर्गात कमी निघाला म्हणून तुमच्या मुलाच्या वर्गातही कमीच असेल असं अजिबात नाही. जमिनीला टेकलेली किंवा तळघरावरची, रोज वापरातली प्रत्येक खोली तपासलेली हवी.

आकड्याइतकीच तारीख बघा. रेडॉन शोषून घेणारी कोळशाची डबी, म्हणजे तपासणीचं साधन, थंडीच्या दिवसांत, खिडक्या बंद ठेवून, शाळा चालू असताना २ ते ५ दिवस ठेवतात. शनिवार-रविवारी हीटिंग-व्हेंटिलेशन मंद केलेलं असतं, त्यामुळे तेव्हाचा आकडा वर्गातली खरी हवा सांगत नाही. डबी खिडकीत किंवा व्हेंटच्या झोतात ठेवली तरी मोजणी फसते. झाकण लावल्यावर ती लगेच प्रयोगशाळेत जायला हवी, कारण रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो.

रेडॉन ४ पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) प्रति लिटर किंवा जास्त निघाला तर घाबरू नका, फेरतपासणी मागा. तिचा आकडाही तेवढा किंवा जास्त आला तर दुरुस्ती: फरशीखालून पाइप आणि पंख्याने हवा छपरावर सोडणं, किंवा व्हेंटिलेशन सुधारणं. नुसत्या फटी बुजवून भागत नाही. दुरुस्तीनंतरचा आकडाही लेखी घ्या.