कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसण्याआधी

पैलवान,

आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग परत उभं राहायची धडपड झाली, आणि आता ‘लढणं बस, पोरं घडवतो’ असं ठरवलंस. ठरवलंस ते बरं केलंस. पण ‘जिल्ह्यापर्यंत लढलोय, डाव येतात, म्हणजे शिकवता येईल’ हे जे पुढे लिहिलंस, ते मला पटलं नाही. लढणं ही एक विद्या आणि शिकवणं ही दुसरी. पहिलीत मुरलेला माणूस दुसरीत कोराच असतो. फक्त ते कुणी तोंडावर सांगत नाही, कारण कान मोडलेले दिसले की लोक वस्ताद म्हणायला लागतात.

तुझा हुकमी डाव ढाक, म्हणजे समोरच्याला कमरेवर घेऊन फेकायचं. उंची आहे, हात लांब आहेत, कंबर मोकळी आहे, म्हणून तुला तो लागला. तू शिकवायला उभा राहिलास की सगळ्या पोरांना आधी ढाकच दाखवशील, हे आत्ताच लिहून देतो. आणि त्यातला एखादा बुटका, जाड मानेचा, ज्याने खाली शिरून दोन्ही पाय धरायचे, दुहेरी पट काढायचा, तो तुझ्या नादाने ढाक मारायला जाईल आणि पाठीवर पडत राहील. तू म्हणशील, पोरात दम नाही. पोरात दम आहे, डाव त्याच्या अंगाचा नाही.

वस्ताद काका पवारांकडे बघ. ते स्वतः ग्रीको-रोमनचे. त्या प्रकारात कमरेखाली धरायचं नाही, पाय लावायचा नाही. त्यांचा पठ्ठा राहुल आवारे मात्र फ्रीस्टाइलचा, जिथे पायही धरता येतात: 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलोत सुवर्ण, 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 किलोत कांस्य. त्याआधी तो गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली होता, आणि बिराजदार म्हणजे भारी वजनाचे महाराष्ट्र केसरी. दोघांनीही त्या हलक्या अंगाच्या पोरात स्वतःची कुस्ती शोधली नाही. मला विचारशील तर वस्तादाची परीक्षा इथेच होते.

म्हणून सुरुवातीला लहानांची बॅच घे, आणि बोलण्यापेक्षा बघ जास्त. जोड लागली की तुझी नजर हातांवर जाईल, कारण लढताना ती सवय लागलेली असते. ती पायांवर आण. कुठला पाय पुढे राहतो, मागे रेटला की कुठल्या बाजूला वळतो, दमल्यावर मान कधी खाली जाते. आठ-नऊ वर्षांच्या पोराला डाव कमी आणि पडायला जास्त शिकव. कोलांट्या, मानेचा व्यायाम, पकडापकडी, रस्सीखेच. त्याला तालमीत परत यावंसं वाटलं पाहिजे. पहाटे उठवून सपाट्या मारून घेतल्या की कडक वस्ताद म्हणून नाव होतं, पण निम्मी पोरं दिवाळीनंतर दिसत नाहीत.

माती आणि गादी, म्हणजे मॅट, यांचं भांडण तू लावू नकोस. पुण्यातला पोरगा दोन्हीकडे लढणार. जत्रेच्या फडात इनाम मिळतं, खुराकाचा खर्च निघतो. आणि महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा आणि गादी विभागाचा विजेता शेवटी एकमेकांसमोर येतातच. पण फडात कब्जा घेऊन दमवत बसायची सवय गादीवर अंगाशी येते. तिथे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये 30 सेकंदांची विश्रांती. वर्तुळाबाहेर गेला की समोरच्याला गुण, नुसता टाळत राहिला की पंच ताकीद देणार, आणि फ्रीस्टाइलमध्ये 10 गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपली. नियमांचं पुस्तक आण आणि पंचांची परीक्षाही दे. कोच म्हणून कोपऱ्यात बसल्यावर तुझ्या हातात एकच हत्यार असतं, चॅलेंज, म्हणजे पंचांचा निर्णय व्हिडिओवर परत तपासायला लावायचा. ते रागाने टाकलंस आणि फेटाळलं गेलं तर गुण समोरच्याला जातो. असे भडकू कोच मी पुष्कळ बघितलेत. पोरगा बिचारा वर बघत राहतो.

आता वजन. यावर मी तुझ्याशी चर्चा करणार नाही, सरळ सांगतो. 51 किलोच्या पोराला 48 मध्ये बसवायचं म्हणून रेनकोट घालून पळवायचं, आदल्या रात्री पाणी बंद करायचं, हे वाढत्या वयात करायचं नाही. तो 52 मध्ये लढेल. हरला तर हरला. पॅरिसला अमन सहरावतने एका रात्रीत साडेचार किलोच्या वर वजन उतरवून कांस्य आणलं, ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच ऑलिंपिकमध्ये 100 ग्रॅमसाठी विनेश फोगाटची अंतिम लढत गेली. त्यांच्यामागे डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. तुझ्यामागे कोण असणार? आणि 1997 साली अमेरिकेत कॉलेजचे तीन मल्ल वजन उतरवण्याच्या नादात काही आठवड्यांच्या अंतराने दगावले, त्यानंतर तिथले नियम बदलले. बाप म्हणेल, ‘वस्ताद, खालच्या गटात पदक नक्की आहे.’ त्याला नाही म्हणायची ताकद तुझ्यात नसेल तर हा धंदा करू नकोस.

इंजेक्शनांचंही तेच. जिमवाल्या पोरांकडून मेफेन्टरमाइन तालमीत शिरतं. ते रक्तदाब वाढवायचं औषध आहे, दम वाढवायचं नाही, आणि बंदी घातलेल्या द्रव्यांच्या यादीत आहे. सापडलं तर पोराला घरी पाठव, आणि आई-वडिलांना त्याच दिवशी बोलव.

मुली येतील. आळंदीला येतात, आता पेठेतही विचारायला येतात. ‘एका कोपऱ्यात करा’ म्हणून त्यांना बाजूला टाकायचं नाही. कपडे बदलायला वेगळी खोली हवी, सरावाला एखादी बाई हजर हवी, डाव दाखवताना हात कुठे लावतोय हे आधी सांगायचं. एवढी सोय होत नसेल तर घाईने प्रवेश देऊ नकोस, आधी सोय कर.

पैशाचं तू विचारलं नाहीस, पण घरी विचारत असतील. तालमीच्या फीवर एकट्याचं पोट भरत नाही. नोकरी सोडू नकोस. सकाळ-संध्याकाळ आखाडा, दुपारी काम, असंच बहुतेकांनी केलंय. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आधी कर, मग डिप्लोमाचं बघ. तो कागद नसला तर सरकारी क्रीडा संकुलात किंवा शाळेत दारातूनच परत पाठवतात. मुंढव्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये पोरांचा सराव कसा आखतात, ते ओळख काढून एकदा बघून ये. नावाची आशा मात्र ठेवू नकोस. द्रोणाचार्य पुरस्कार 1985 साली सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षीच्या तीन मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. तुझ्या तालमीत किती जणांना हे नाव माहीत आहे, विचारून बघ.

आणखी एक. बालेवाडीला 2020 च्या महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके यांच्यात झाली. दोघेही काका पवारांचेच पठ्ठे. जिंकल्यावर हर्षवर्धनने शैलेशला खांद्यावर घेतलं. तुझ्याही दोन पोरांची जोड कधीतरी लागेल, जिल्ह्याला का होईना. त्या दिवशी कुणाच्याच कोपऱ्यात बसू नकोस, आणि हे दोघांच्या घरी आधीच सांगून ठेव.

सोमवारपासून आमच्याकडे लहानांची नवी बॅच आहे. पहाटे नको, संध्याकाळी पाचला ये. ऑपरेशनचे कागद आण, डॉक्टरांनी काय काय करू नको म्हटलंय ते मला बघायचंय. पोरांना पट दाखवायच्या नादात तू गुडघा परत मोडून घेशील. सराव संपल्यावर गादी पुसायची पाळी पहिले तीन महिने तुझी. पुण्याच्या पावसाळ्यात एका पोराला गजकर्ण झालं की आठ दिवसांत सगळ्या बॅचला होतं.

तुझा,
वस्ताद