सीआरपी वाढलाय, आता हार्ट अटॅक येणार का?

वय ४२, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल सगळं आटोक्यात, सिगारेट नाही. फक्त एचएस-सीआरपी (सीआरपी म्हणजे शरीरात सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन; एचएस म्हणजे ते बारकाईने मोजणारी तपासणी) ४.६ मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि त्यासमोर ठळक अक्षरात ‘धोका जास्त’. त्या गृहस्थांची झोप उडाली, पळणंही बंद झालं. “मी तर फिट आहे, मग आतून सूज कशी?”

अशा वेळी आकड्याआधी रक्त कधी दिलं ते विचारावं. यांनी २१ किलोमीटरची शर्यत पळून दुसऱ्याच दिवशी दिलं होतं. स्नायूंवर इतका ताण पडला की यकृत सीआरपी जास्त बनवतं आणि तो काही दिवस चढा राहतो. सर्दी-ताप, दाताचं दुखणं, ताजी जखम यांनीही तसंच होतं. बोलता बोलता निघालं, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. हे कारण हमखास दुर्लक्षित राहतं.

१ च्या खाली धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, हे खरं. पण निदान दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा, तब्येत ठणठणीत असताना मोजून सरासरी काढायची. १० च्या वर गेला तर आधी संसर्ग किंवा दुसरा आजार शोधायचा. एककही पाहा: प्रति डेसिलिटर लिहिलं असेल तर आकड्याला १० ने गुणावं लागतं. आणि तपासणी ‘एचएस’च हवी, साध्या सीआरपीत एवढे बारीक फरक कळत नाहीत.

फिटनेसचा उपयोग नाही असं मात्र मुळीच नाही. ज्यांचा दमसास चांगला, त्यांचा सीआरपी सहसा कमी असतो. त्यातला बराच भाग पोटावरची चरबी घटल्याचा. ती चरबीच यकृताला सुजेचे निरोप धाडत असते. हे गृहस्थ रविवारी भरपूर पळायचे, बाकी सहा दिवस खुर्चीत. उंची १७२ सेंटीमीटर, कंबर ९६. ती उंचीच्या निम्म्याहून कमी, म्हणजे ८६ च्या आत हवी. त्यांना आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालायला आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम करायला सांगितलं. चालताना छातीत दाब किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवली, तर थांबून लगेच डॉक्टरांकडे.

हिरड्यांवर उपचार झाल्यावर, रक्त देण्याआधी तीन-चार दिवस दमवणारा व्यायाम टाळून केलेल्या दोन तपासण्यांची सरासरी १.७ आली. “आता दर महिन्याला करू?” नको. हा आकडा एरवीही खालीवर होतोच; दर महिन्याला कंबर मोजा.